लोकलच्या नव्या मार्गिकांचा पैसा अडतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी बदलापूरहून रोज मुंबईला जातो. दर अर्थसंकल्पानंतर मुंबईच्या लोकलला हजारो कोटी मिळाल्याच्या बातम्या वाचतो. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झाली म्हणतात, पण आम्ही अजून त्याच दोन रुळांवर आहोत. मग पैसा जातो कुठे? मेट्रोला मिळतो तो लोकलला का मिळत नाही? आणि जाब विचारायचा कोणाला, खासदाराला की आमदाराला?’

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सार्वजनिक वाहतुकीच्या प्रकल्पांचे हिशेब बघण्यात गेली. अंदाजपत्रकं, सुधारित अंदाज, कर्जाच्या परताव्याचे दावे, केंद्र आणि राज्याच्या हिश्श्यांचा मेळ घालणं, हे माझं काम होतं. उत्तर लांबेल, पण अंबरनाथ-बदलापूरला सकाळच्या गाडीत दारापर्यंतही पोहोचता येत नाही अशा माणसाला ‘निधीची प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच सांगून परत पाठवणं मला पटत नाही.

आधी प्रश्न जरा वेगळा मांडतो. ‘पैसा जातो कुठे’ असं विचारलं की डोळ्यांसमोर भ्रष्टाचार येतो. तो कुठेच नसतो असं मी म्हणणार नाही. पण लोकलच्या बाबतीत खरी अडचण अशी की जाहीर झालेल्या रकमेतला बराचसा पैसा त्या वर्षी कुणाच्याच खात्यात जमा झालेला नसतो. तो येण्यासाठी रेल्वे, राज्य सरकार, एमएमआरडीए किंवा सिडको या राज्याच्या विकास संस्था आणि कर्ज देणारी बँक या सगळ्यांनी आपापली पायरी वेळेत चढावी लागते. एक मागे राहिला की बाकीचे थांबतात. म्हणून विचारायचं ते असं: या वर्षी कोणी, किती, कोणत्या अटीवर द्यायचे होते आणि दिले का?

बातमीत येणारा ‘कोटी’चा आकडा पाच वेगवेगळ्या पायऱ्यांवरचा असू शकतो: घोषणा, मंजुरी, वर्षाची तरतूद, प्रत्यक्ष वितरित झालेला निधी आणि झालेला खर्च. वाचताना हे सगळं एकच वाटतं. एक उदाहरण घ्या. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी चर्चगेट-विरार आणि सीएसएमटी-पनवेल अशा दोन उन्नत मार्गांचा उल्लेख केला. २०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी मुंबईसाठी ११,००० कोटींहून अधिक खर्चाचे ९० किलोमीटर दुहेरी मार्ग आणि ४०,००० कोटींहून अधिक खर्चाचं १५० किलोमीटरचं जादा उपनगरीय जाळं जाहीर केलं. त्यानंतर एमयूटीपी-३अ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा, म्हणजे एमयूटीपीचा, एक टप्पा) म्हणून जो प्रस्ताव पुढे आला तो सुमारे ५४,७७७ कोटींचा होता. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो ३३,६९० कोटींचा. चर्चगेट-विरार आणि सीएसएमटी-पनवेल हे दोन्ही उन्नत मार्ग आजही उभे नाहीत.

तारखाही बघा. एमयूटीपी-३अ ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ७ मार्च २०१९ ला, लोकसभेची आचारसंहिता लागली १० मार्चला. त्याआधीच्या एमयूटीपी-३ चं भूमिपूजन झालं २४ डिसेंबर २०१६ ला, मुंबई महापालिकेची निवडणूक होती फेब्रुवारी २०१७ मध्ये. यावरून मंजुऱ्या खोट्या होत्या असा अर्थ काढू नका, त्या खऱ्याच होत्या. पण निवडणुकीच्या तोंडावर मंजुरी मिळवण्यासाठी सगळे धावतात, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत दर वर्षी तेवढीच तरतूद मिळवण्यासाठी धावणारं कुणी उरत नाही. मंजुरीची कोनशिला बसते, तरतुदीची बसत नाही.

आता तरतुदीकडे. रेल्वेचं ‘पिंक बुक’ दर वर्षी प्रसिद्ध होतं, त्यात प्रकल्पवार रक्कम असते. एमयूटीपीच्या सगळ्या टप्प्यांसाठी मिळून २०२३-२४ मध्ये सुमारे १,१०१ कोटी होते, २०२४-२५ मध्ये ७८९ कोटी, २०२५-२६ मध्ये ५११ कोटींच्या आसपास. हा रेल्वेचा हिस्सा. राज्याने तेवढाच घालायचा असतो. म्हणजे ७८९ कोटींच्या वर्षी दोन्ही बाजू पूर्ण आल्या तर साधारण १,५७८ कोटी. ३३,६९० ला त्याने भागलं तर एकट्या ३अ ला २१ वर्षं लागतील. हा भागाकार अगदी सरळ घेऊ नका, कारण ३अ च्या रकमेतला निम्म्याहून मोठा भाग १९१ एसी गाड्या आणि त्यांच्या कारशेडचा आहे, आणि तो पैसा वेगळ्या वेगाने, वेगळ्या मार्गाने लागतो. शिवाय कर्ज आलं की चित्र बदलतं. तरीही तुमच्या १४ किलोमीटरच्या, सुमारे १,५१० कोटींच्या मार्गिकेला दर वर्षी किती वाटा येऊ शकतो याचा अंदाज यावरून येतो. त्याच ताटातून बोरिवली-विरार पाचवी-सहावी, कल्याण-आसनगाव चौथी, कल्याण यार्ड आणि नवी सिग्नल यंत्रणा यांनाही वाढायचं असतं.

दर वर्षीचा आकडा कमी का होतो, याचं एकच कारण नाही. पण एक कारण मी जवळून पाहिलं आहे आणि ते बाहेर फारसं कुणी सांगत नाही. जमीन ताब्यात नाही म्हणून काम पुढे सरकत नाही. काम नाही म्हणून खर्च होत नाही. हिवाळ्याच्या सुमारास सुधारित अंदाज, म्हणजे चालू वर्षाच्या तरतुदीचा फेरहिशेब, बनतात तेव्हा ‘या शीर्षाखाली खर्च होणार नाही’ असं दिसतं आणि पैसा दुसऱ्या प्रकल्पाकडे वळवला जातो. पुढच्या वर्षीची तरतूद ठरवताना मग विचारलं जातं की गेल्या वर्षीचे तरी कुठे खर्च झाले? म्हणजे अडलेला प्रकल्प कागदावर ‘पैशाची गरज नसलेला’ ठरतो. लोकल प्रकल्पाचं घोडं मला सर्वाधिक वेळा इथेच पेंड खाताना दिसलं आहे.

पन्नास-पन्नास टक्क्यांच्या वाटणीचं राजकारण यापेक्षा खोल आहे. रेल्वे हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय. शहर, जमीन, झोपडपट्टी, विकास आराखडा हे राज्याचे विषय. मुंबईत दोघांना एकत्र बसवण्यासाठी जुलै १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन, म्हणजे एमआरव्हीसी, स्थापन झालं. भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, राज्याचा ४९. कल्पना चांगली होती, आणि मी आजही म्हणेन की ती झाली नसती तर बोरिवली-विरार चौपदरीकरण किंवा १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर जाणं यांना आणखी बरीच वर्षं लागली असती. पण एमआरव्हीसी बांधून देते, गाड्या चालवत नाही. गाड्या मध्य आणि पश्चिम रेल्वे चालवतात. भाडं दिल्लीत ठरतं, वेळापत्रक विभागात ठरतं. खर्चाचा अर्धा वाटा उचलणाऱ्या राज्याला यातलं काहीच ठरवता येत नाही.

राज्याच्या वित्त विभागात बसलेल्या माणसाच्या नजरेने बघा. त्याच्यासमोर दोन फायली आहेत. एक मेट्रोची. कंपनी राज्याची किंवा राज्याच्या भागीदारीतली, मार्ग राज्याने ठरवलेला, उद्घाटनाला मुख्यमंत्री पुढे, कर्ज कंपनीच्या नावावर. दुसरी लोकलची. पैसे अर्धे आपले, पण गाडीवर नाव भारतीय रेल्वेचं. नव्या मार्गिकेवरून लोकल वाढतील की मेल-एक्स्प्रेसना मोकळा रस्ता मिळेल, हेही आपल्या हाती नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ च्या सुमारास एमयूटीपी-२ मधून मंजूर झाली आणि १८ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली. तिच्यामुळे जी ३६ नवी लोकल सेवा मिळाली त्यातल्या ३४ एसी होत्या. सामान्य डब्याच्या प्रवाशाला लगेच फारसा दिलासा वाटला नाही, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये कळव्यात आणि तुमच्या बदलापूरलाही एसी लोकलविरुद्ध आंदोलनं झाली. मध्य रेल्वेने त्यानंतर दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. अर्धा पैसा राज्याचा असला तरी आंदोलकांच्या मागण्यांवर निर्णय घेणं राज्याच्या हाती नव्हतं.

रेल्वेच्या बाजूनेही बघायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. रेल्वे म्हणते की उपनगरी प्रवास तोट्यात चालतो, दर वर्षीचा तोटा आम्ही सोसतो, आणि बांधणीचा निम्मा खर्चही आमचाच. त्या पैशात मालगाड्यांचा मार्ग बांधला तर तो कमावतो. २०१६ पासून काही काळ तिकिटांवर छापलेलं असे की रेल्वेला प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. ते वाक्य प्रवाशाला ओशाळं वाटावं म्हणून छापलं असेल तर मला ते पटलं नव्हतं. पण त्यामागचा हिशेब खरा होता, आणि लोकलमध्ये वसुली सरासरीहून कमीच.

इथून आपण भाड्याच्या राजकारणात येतो. जून २०१४ मध्ये सदानंद गौडा रेल्वेमंत्री असताना सरसकट १४.२ टक्के भाडेवाढ जाहीर झाली. शिवाय मासिक पास पंधराऐवजी तीस एकेरी प्रवासांच्या हिशेबाने धरायचा ठरला, म्हणजे पास थेट दुपटीच्या घरात. मुंबईत गहजब झाला, विधानसभा निवडणूक चार महिन्यांवर होती, सत्ताधारी युतीचेच खासदार दिल्लीत जाऊन भेटले, आणि काही दिवसांत पासचा तीसचा हिशेब मागे घेतला गेला. द्वितीय श्रेणीच्या उपनगरी तिकिटाला ८० किलोमीटरपर्यंत वाढीतून वगळलं. जुलै २०२५ च्या भाडेवाढीतही उपनगरी तिकीट आणि पास यांना हात लागला नाही. पक्ष कुठलाही असो, लोकलचं भाडं वाढवायला कुणी धजावत नाही.

माझं मत विचाराल तर भाडं स्वस्तच असावं. रोजचे सुमारे ७५ लाख प्रवासी हे या शहराचं अर्थकारण आहे, आणि कल्याणपलीकडे राहणारा माणूस परवडत नाही म्हणून तिथे गेला आहे. त्याच्याकडून बांधणीचा खर्च वसूल करणं अन्यायाचं आहे. पण स्वस्त भाड्याचा निर्णय राजकीय असेल, तर त्याची भरपाईही अर्थसंकल्पात उघडपणे दाखवायला हवी. आज तो तोटा रेल्वेच्या एकूण हिशेबात विरघळून जातो. मग रेल्वे तो दुसऱ्या मार्गाने भरून काढते: नव्या मार्गिकांना उशीर करून. प्रवासी भाडं पैशात देत नाही, तर दारात लटकून देतो. मुंबई उपनगरी रुळांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जातात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतून माणसं पडली ती तुमच्याच मार्गावर. निधीच्या चर्चेत हा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि मला याचा राग येतो.

मेट्रोला मिळतो तो पैसा लोकलला का नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. मेट्रोकडे कर्ज घेऊ शकणारी स्वतंत्र कंपनी आहे, भाडं ठरवण्याची कायद्याने नेमलेली पद्धत आहे, आणि तोटा आला तर कोणी भरायचा हे करारात लिहिलेलं आहे. मेट्रो-३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला तरी पैशाअभावी काम थांबलं नाही, कारण जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं कर्ज आणि केंद्र-राज्याची भागीदारी यांनी वाढीव खर्च उचलला. मुंबईत १ एप्रिल २०२२ पासून घराच्या मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी एक टक्का अधिभारही आहे. लोकलला असा स्वतःचा झरा नाही. तिकिटात आणि पासात एमयूटीपीचा अधिभार असतो, पण एवढ्या मोठ्या टप्प्यांसमोर तो तोकडा.

यात एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. एमयूटीपीतला राज्याचा हिस्सा बऱ्याचदा राज्याच्या तिजोरीतून जात नाही. तो एमएमआरडीए आणि सिडकोवर टाकला जातो. आणि एमएमआरडीए हीच संस्था मेट्रोच्या अनेक मार्गिका बांधते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भूखंडांवर तिने जो पैसा कमावला, त्यावर आता मेट्रो, सागरी पूल, बोगदे आणि लोकलचा हिस्सा असे सगळे हक्क सांगतात. कोणत्याही संस्थेचा प्रमुख स्वतःच्या प्रकल्पाला आधी पैसे देईल. त्यात त्याचा दोष नाही, रचनेचा आहे.

कर्जाबद्दलही गैरसमज आहे. ‘जागतिक बँकेने पैसे दिले’ किंवा ‘एआयआयबीने’ (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने) ‘दिले’ असं वाचलं की वाटतं थैली आली. एमयूटीपीचा पहिला टप्पा जागतिक बँकेच्या २००२ च्या कर्जावर उभा राहिला, आणि एमयूटीपी-३ साठी एआयआयबीशी ५० कोटी डॉलरचा करार ऑगस्ट २०२० मध्ये झाला. पण अशा कर्जात बहुतेक वेळा आधी आपण खर्च करायचा, मग कागदपत्रं देऊन परतावा मागायचा. म्हणजे अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर कर्ज मंजूर असूनही उचलता येत नाही. न उचललेल्या रकमेवर शुल्क मात्र सुरू असतं. आणि घेतलेलं कर्ज फेडायचं शेवटी केंद्र आणि राज्यालाच, म्हणजे तुम्हा-आम्हाला.

कर्जदात्याच्या अटींमुळे एक चांगली गोष्टही झाली, ती सांगायलाच हवी. रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतली माणसं हुसकून लावण्याऐवजी त्यांना २२५ चौरस फुटांची घरं देऊन हलवण्याचं धोरण एमयूटीपी-१ मध्ये राबवलं गेलं. त्या प्रकल्पात सुमारे एक लाख माणसांचं पुनर्वसन झालं. ते निर्दोष नव्हतं. तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा निधी काही महिने रोखला होता. पण तेव्हापासून पुनर्वसन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, हे मान्य झालं. आज ऐरोली-कळवा उन्नत मार्ग अडला आहे तो मुख्यतः पुनर्वसनापाशी. विरार-डहाणू चौपदरीकरणाला खारफुटीसाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागली. अशा ठिकाणी दिल्लीने उद्या दुप्पट तरतूद केली तरी एक स्लीपरही लवकर पडणार नाही. घरं, जमीन, वनखातं, जिल्हाधिकारी कार्यालय ही सगळी राज्याची बाजू आहे. पनवेल-कर्जत मार्गाला बोगदे, जंगल असूनही तुलनेने बरी गती मिळाली, कारण तिथे हलवायची दाट वस्ती कमी होती.

मग दुसरा रस्ता आहे का? महाराष्ट्रातच आहे, तुमच्यापासून फार दूर नाही. नवी मुंबईची रेल्वे सिडको आणि रेल्वेने ६७:३३ अशा वाटणीत बांधली. मानखुर्द-वाशी १९९२ मध्ये सुरू झाली. सिडकोकडे जमीन होती. रेल्वे आल्यावर तिची किंमत वाढणार होती. त्या वाढीतून आणि स्थानकांवरच्या व्यापारी जागेतून रेल्वेचा खर्च निघाला, शिवाय तिकिटावर सिडकोचा अधिभार. ज्याचा फायदा होणार त्याने खर्च उचलायचा. ही वाटणीही सगळीकडे धावली नाही: त्याच सूत्रावरची उरण मार्गिका जमिनीच्या प्रश्नांत अडकून खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये पोहोचली. तरी तत्त्व योग्य होतं असं मी ठामपणे म्हणतो. बदलापूरला नेमकं उलट झालं. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या, अंबरनाथ-बदलापूरमधल्या नव्या चिखलोली स्थानकाच्या नावावर बांधकाम व्यावसायिकांनी जाहिराती केल्या, जमिनीचे भाव चढले, आणि त्या चढलेल्या भावातला एक रुपयाही रेल्वेच्या कामात आलेला मला दिसत नाही. तिथे जमीन खासगी आहे, सिडकोसारखा एकच मालक नाही, म्हणून तोच नमुना जसाच्या तसा चालणार नाही. पण वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, देताना किंवा विकास शुल्क घेताना ठरावीक टक्का मार्गिकेसाठी वेगळ्या खात्यात बाजूला काढणं शक्य आहे, आणि ते करायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

पुण्याकडे एक नवा प्रकार बघायला मिळतो. पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५,१०० कोटींतला आपला निम्मा हिस्सा वाटून दिला: त्यातले ३० टक्के राज्य, ३० टक्के पीएमआरडीए (पुणे महानगराचं विकास प्राधिकरण), आणि पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका प्रत्येकी २० टक्के. म्हणजे महापालिकांच्या डोक्यावर ५१०-५१० कोटी. पाणी, कचरा, रस्ते सोडून महापालिकेने रेल्वेला पैसे का द्यावेत, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण आपल्या महापालिकेचे पैसे आहेत म्हटल्यावर नगरसेवक पहिल्यांदाच ‘काम कुठवर आलं’ असं विचारू लागेल. पैसे घ्यायचे तर त्या बदल्यात वेळापत्रक, स्थानकं, लोकलच्या किमान फेऱ्या याबद्दल लेखी करार हवा. हिस्सा आहे पण शब्द नाही, ही मुंबईत राज्याची झालेली अवस्था तिथे महापालिकांची होऊ नये.

बंगळुरूचं उदाहरण कुणीतरी देईल म्हणून सांगून ठेवतो. तिथल्या उपनगरी रेल्वेला केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये १५,७६७ कोटींची मंजुरी दिली, १४८ किलोमीटर, केंद्र-राज्य प्रत्येकी २० टक्के आणि ६० टक्के कर्ज. कंपनीत राज्याचा वाटा ५१ टक्के, म्हणजे मुंबईच्या उलट. तरी गती संथच आहे. तेव्हा केवळ भागभांडवलाची टक्केवारी उलटी केल्याने प्रश्न सुटत नाही. जमीन देणारं खातं आणि पैसा देणारं खातं एकाच वेळापत्रकाला बांधलेलं नसेल, तर टक्केवारी काहीही असो, काम रखडतं.

आता जाब कोणाला विचारायचा. आतापर्यंतचं एका वाक्यात बांधतो: रेल्वेची वार्षिक तरतूद दिल्लीत ठरते, राज्याचा हिस्सा मुंबईत नगरविकास विभाग आणि एमएमआरडीएकडे ठरतो, जमीन ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात ताब्यात येते, आणि काम एमआरव्हीसी करते. म्हणून खासदाराला ‘मार्गिका कधी होणार’ असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला काहीच अवघड जात नाही. त्याला विचारा की यंदाच्या पिंक बुकात कल्याण-बदलापूरसाठी किती धरले आणि सुधारित अंदाजात किती उरले. आमदाराला विचारा की राज्याचा जुळणारा हिस्सा कोणत्या तारखेला वितरित झाला आणि किती हेक्टर जमिनीचा ताबा बाकी आहे. एकमेकांकडे बोट दाखवायला दोघांनाही जागा उरत नाही.

माहिती अधिकाराचे अर्ज वेगवेगळे करा: एमआरव्हीसीकडे मागील तीन आर्थिक वर्षांचा या एका कामावरचा तरतूद, प्राप्त निधी आणि खर्च असा तक्ता, एमएमआरडीए आणि नगरविकास विभागाकडे मागणीपत्राच्या आणि प्रत्यक्ष अदा केल्याच्या तारखा, भूसंपादन अधिकाऱ्याकडे ताब्याची स्थिती. एकाच अर्जात सगळं घातलं तर तो या विभागातून त्या विभागात फिरत राहतो. मागणीपत्राची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख यांतलं अंतर हाती आलं की उशीर कोणाकडे झाला ते कागदावरच दिसतं. माझ्या अनुभवात त्या एका अंतराने जेवढं हललं तेवढं मोर्चांनी हललं नाही.

प्रवासी संघटना सहसा फेब्रुवारीत, अर्थसंकल्पाच्या आठवड्यात निवेदनं देतात. तोवर आकडे छापून झालेले असतात. राज्याकडे पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी जा, कारण पुरवणी मागण्या तेव्हा मांडल्या जातात आणि राहिलेला हिस्सा घालायला तीच जागा असते. रेल्वेकडे दिवाळीच्या आसपास, सुधारित अंदाज बंद होण्याआधी, खासदारामार्फत लेखी पत्र गेलं पाहिजे, आणि पत्रात रक्कम लिहिलेली असली पाहिजे. तुमच्या संघटनेकडे मागच्या दोन वर्षांची पिंक बुकची पानं नसतील तर ती रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मध्य रेल्वेच्या भागात मिळतील. तिथून सुरुवात करा.